घरी बसून नोकरी केली तर अमेरिकेतला डिसॅबिलिटीचा चेक बंद होतो का?

तुमचे मिस्टर पाठीच्या ऑपरेशननंतर दीड वर्षापासून एसएसडीआयवर (नोकरीत सोशल सिक्युरिटीचा कर भरलेल्यांना अपंगत्व आल्यावर सरकारकडून मिळणारा महिन्याचा चेक) आहेत आणि आता घरून करायचं कस्टमर सपोर्टचं अर्धवेळ काम चालून आलंय. तुम्ही विचारलंय की उंबरठासुद्धा ओलांडायचा नसेल तर सोशल सिक्युरिटीवाले याला ‘काम’ धरतात का?

धरतात. काम ऑफिसात केलं, सोफ्यावर केलं की पलंगावर उशीला टेकून, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ते बघतात महिन्याची कमाई. पण घरून काम करण्याने दोन-तीन ठिकाणी खरोखर फरक पडतो, आणि ती ठिकाणं लोकांना माहीत नसतात.

मी वकील नाही. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, सकाळी बोटं सरळ व्हायला तासभर जातो, आणि मी एसएसडीआयवर असतानाच घरून मेडिकल बिलिंगचं काम धरलं. त्यामुळे हे सगळं कागदपत्रं हातात धरून शिकलेय.

आधी आकडे. ते दर जानेवारीत बदलतात, मी २०२५चे देते. महिन्याला १,१६० डॉलरच्या वर कमाई गेली की तो ‘ट्रायल वर्क’चा महिना मोजला जातो. असे ९ महिने मिळतात, सलग असायला हवेत असं नाही, ६० महिन्यांच्या पट्ट्यात कुठेही. या ९ महिन्यांत मिस्टरांनी कितीही कमावलं तरी चेक पूर्ण येतो. हे वाचून लोकांचा विश्वास बसत नाही, माझाही बसला नव्हता. ते संपले की पुढचे ३६ महिने दुसरी रेघ लागू होते: १,६२० डॉलर, दृष्टिहीनांसाठी २,७००. कमाई त्या रेघेवर गेली तर त्या महिन्याचा चेक नाही, खाली आली तर नवीन अर्ज न करता चेक पुन्हा सुरू. रेघ पहिल्यांदा ओलांडाल तेव्हा तो महिना आणि पुढचे दोन, असे तीन चेक तरीही मिळतात. आणि हे सगळे आकडे ग्रॉसचे, म्हणजे कर कापण्याआधीच्या पगाराचे आहेत. बँकेत जमा झालेली रक्कम बघून ‘आपण खालीच आहोत’ म्हणू नका.

आता माझी फजिती. मला दर दोन आठवड्यांनी ६५० डॉलर मिळत. महिन्याचे दोन पगार, १,३००, म्हणजे रेघेच्या आरामात खाली. ट्रायलचे ९ महिने तोवर संपलेले. ऑगस्ट २०२५मध्ये १, १५ आणि २९ तारखेला शुक्रवार आले आणि एका महिन्यात तीन पगार जमा झाले: १,९५०. मी घाबरून तसाच आकडा कळवला आणि दोन रात्री जागून काढल्या. एसएसडीआयमध्ये पैसे कधी हातात आले हे बघत नाहीत, काम कुठल्या महिन्यात केलं ते बघतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. १ तारखेचा पगार सगळा जुलैच्या कामाचा होता. पे स्टबवर (पगाराच्या चिठ्ठीवर) ‘पे पिरियड’च्या, म्हणजे तो पगार कुठल्या दिवसांच्या कामाचा त्याच्या, तारखा छापलेल्या असतात, त्या दाखवून दुरुस्ती केली. तेव्हापासून प्रत्येक स्टबवर पेनाने लिहिते, किती दिवस कुठल्या महिन्यातले.

आता घराचा मुद्दा. कंपनीने मिस्टरांना काही खास मोकळीक दिली असेल, म्हणजे दर तासाला पाठ टेकायला सुट्टी, इतरांपेक्षा कमी कॉलचं टार्गेट, अनियमित वेळा, तर पगाराचा काही भाग ‘सबसिडी’ धरून वजा होऊ शकतो. पगार १,८००, पण काम १,४००चंच होतंय असं मॅनेजरने लिहून दिलं आणि ते मान्य झालं, तर १,४०० मोजतात. त्यासाठी एसएसए-३०३३ नावाचा फॉर्म आहे, तो कंपनी भरते. मात्र सगळी टीमच घरून काम करत असेल तर घरून काम ही मोकळीक नव्हे. ऑफिसात तुमची अडचण बघणारे, हातभार लावणारे लोक असतात; ते घरी नसतात, म्हणून कुणी काही लिहून ठेवत नाही. घरी घेतलेली विश्रांती कुणाला दिसत नाही, म्हणून ती कागदावर यायला हवी. मोकळीक दिल्याचं पहिल्याच आठवड्यात ईमेलने लिहून मागून घ्या.

दुसरी वजावट खर्चाची. अपंगत्वामुळे काम करायला जे स्वतःच्या खिशातून लागतं, औषधांचा को-पे (विमा असूनही आपण भरतो तो वाटा), खास उपकरणं, ते कमाईतून वजा होतं, पावत्या असतील तर. आणि नियमात घरून काम करणाऱ्यांसाठी वेगळी ओळच आहे: कामाच्या खोलीचं दार रुंद करणं किंवा अपंगत्वाच्या सोयीने कामाची जागा घरात बदलून घेणं, हा खर्चही धरतात. साधी ऑफिसची खुर्ची आणली तर ती यात बसणार नाही, तशी खुर्ची कुणीही घेतं.

पण हे सगळं नोकरदाराचं. म्हणून ऑफर लेटर हातात आलं की पहिला प्रश्न हा विचारा: वर्षअखेरीस कराचा कुठला फॉर्म देणार, डब्ल्यू-२ (नोकरदाराचा) की १०९९ (कॉन्ट्रॅक्टरचा)? घरून करायची बरीच कामं कॉन्ट्रॅक्टर म्हणून असतात. १०९९ असेल तर मिस्टर स्वयंरोजगारी ठरतात आणि तिथे पैशांसोबत तासही मोजले जातात. महिन्यात ८० तासांपेक्षा जास्त काम झालं तर एक डॉलर न मिळताही ट्रायलचा महिना खर्ची पडतो. तुम्ही धंद्यात किती महत्त्वाचं काम करता, धडधाकट माणसाइतकं करता का, हेही बघू शकतात. खर्च एकदा धंद्याचा म्हणून दाखवला की पुन्हा अपंगत्वाचा म्हणून दाखवता येत नाही.

ज्यांचा अर्ज अजून मंजूर व्हायचाय त्यांची गोष्ट उलटी आहे. तिथे ‘घरून करता आलं असतं की’ हा युक्तिवाद आडवा येतो. गेल्या ५ वर्षांत (जून २०२४पर्यंत १५ वर्षं बघायचे) तुम्ही घरून एखादी नोकरी केली असेल, तर ती आजही जमेल का, हे तपासतात. म्हणून ते काम कसं चालायचं ते खरं खरं लिहा: दिवसातून किती वेळा आडवं व्हावं लागायचं, महिन्याला किती दिवस लॉगिनच करता यायचं नाही. आठवड्याला चार तास कसंबसं झेपतं म्हणजे चाळीस तास झेपतील असं नाही, आणि निर्णय नियमित, दिवसेंदिवस झेपतं का यावर होतो.

एसएसआयवाल्यांना (कमी उत्पन्न असलेल्या अपंगांना आणि वृद्धांना मिळणारी वेगळी सरकारी मदत) यातलं ट्रायल वगैरे काही नाही. तिथे कमाईतून पहिले ८५ डॉलर सोडून उरलेल्याच्या निम्मे चेकमधून कापतात, आणि पैसे हातात आलेला महिनाच धरतात. माझ्यासारखे तीन पगार आले तर तिथे खरंच दणका बसतो.

तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती दीड वर्षाची. एसएसडीआयचे २४ महिने पूर्ण झाले की नुसतं काम सुरू केलं म्हणून वैद्यकीय फेरतपासणी लावता येत नाही. (ठरलेल्या मुदतीची तपासणी येतच राहते, ती वेगळी.) मिस्टरांना ते कवच मिळायला अजून सहाएक महिने आहेत. मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) पण २४ महिन्यांनीच सुरू होतं आणि एकदा सुरू झालं की चेक थांबला तरी ट्रायलनंतर निदान ९३ महिने राहतं. कंपनी थांबायला तयार असेल तर मी थांबले असते. नसेल तर सुरू करा, पण डॉक्टरांकडच्या भेटी चुकवू नका आणि ‘आता बरं वाटतंय’ असं सवयीने म्हणू नका. आपण मराठी माणसं डॉक्टरांनासुद्धा ‘ठीक आहे’ म्हणतो, आणि ते फाइलमध्ये तसंच उतरतं.

पहिला पगार आला की सोशल सिक्युरिटीला कळवा आणि पावती मागा. पावती देणं त्यांना बंधनकारक आहे. पुढे कधीतरी एसएसए-८२१ हा कामाचा फॉर्म घरी येईल, त्यात महिन्यागणिक ग्रॉस विचारतात. तेव्हा पेनाने लिहून ठेवलेले ते स्टबच कामी येतात.