क्लोन ३७ टक्क्यांवर अडकतो, नंतर बूटही होत नाही: चौथं सॉफ्टवेअर शोधू नका

भाऊ, तुम्ही सांगितलेलं थोडक्यात असं: डेस्कटॉपमधली ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेली ४८० जीबीची एसएसडी, मधे यूएसबी-साटा केबल. क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत) ३७ टक्क्यांवर ‘रीड एरर’ देऊन थांबला. ‘एरर सोडून पुढे जा’ला टिक केल्यावर पूर्ण झाला, पण एसएसडीवरून विंडोज १० सुरू होत नाही. तीन सॉफ्टवेअर झाली, आता चौथं विचारताय.

चौथं नको. अडतंय ते वाचताना, आणि मरायला टेकलेली डिस्क प्रत्येक प्रयत्नात आणखी खराब होते. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ०५ (बदली केलेले सेक्टर), सी५, सी६ आणि सी७ या ओळींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, बघा. आकडे सुरुवातीला हेक्समध्ये (१६ च्या पायावर) दिसतात, तेव्हा १० म्हणजे १६. सी५ किंवा सी६ मध्ये शून्याखेरीज काही असेल तर डिस्कवर न वाचता येणारे सेक्टर (साठवणीचे छोटे तुकडे) आहेत. फक्त सी७ वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा, केबल बदला. हा आकडा परत शून्यावर येत नाही, म्हणून नंतर वाढतो का तेवढंच बघायचं.

इथे कुणीतरी ‘सीएचकेडीएसके /आर (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड) मारा’ म्हणेलच. डेटा बाहेर काढण्याआधी ते करू नका. ती कमांड सगळी डिस्क घासून काढते आणि वर त्याच आजारी डिस्कवर लिहिते.

सी५ किंवा सी६ खराब निघाला तर मधे एक तिसरी डिस्क लागेल, १ टीबीची, रिकामी. तिच्यावरचं सगळं पुसलं जाणार. थेट एसएसडीवर सेक्टर-बाय-सेक्टर उतरवता येणार नाही, कारण ५०० जीबी विंडोजला ४६५ दिसते आणि ४८० जीबी ४४७. शेपूट बाहेर राहतं. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा आणि ‘एलएसबीएलके’ (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) वापरून मॉडेल व सिरीयल नंबर बघून कोणती डिस्क कोणती हे कागदावर लिहा. मूळ आणि नवी उलट टाकली तर सगळं संपलं. मग जीएनयू डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची प्रत काढणारं साधन) वापरून जुनी डिस्क १ टीबीवर उतरवा: पहिली फेरी ‘-एफ -एन’ लावून, म्हणजे सहज वाचता येतं ते आधी निघतं, दुसरी ‘-एफ -डी -आर३’ने, उरलेल्या जागांसाठी. (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं, फक्त फाइलचं नाव तेच द्या.

मे महिन्यात दुपारी हे करू नका. बऱ्याच हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते आणि नागपुरात खोलीच ४० च्या वर जाते. कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावा. कूलरचा झोत नको, ती हवा दमट असते.

आता त्या १ टीबीच्या प्रतीवर सीएचकेडीएसके खुशाल चालवा, सी ड्राइव्ह साधारण २५ जीबीने आकसवा आणि तिथून एसएसडीवर क्लोन करा. आकसत नसेल तर हायबरनेशन, पेजफाइल किंवा रिस्टोअर पॉइंट आड येतात. डेस्कटॉप आहे, तर यूएसबी केबल सोडा. एसएसडी मदरबोर्डच्या साटा पोर्टवर थेट लावा. काही यूएसबी केस (डिस्क बसवायचे डबे) सेक्टरचा आकार ४०९६ बाइट दाखवतात, आणि तिथे केलेला क्लोन आत बसवल्यावर वाचलाच जात नाही.

बूटचं दुखणं वेगळं. आधी जुन्या विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ उघडून ‘बायोस मोड’ बघा. लेगसी (जुनी बूट पद्धत) असेल तर डिस्क एमबीआर (जुन्या पद्धतीच्या पार्टिशनची) आहे. बायोस सेटअपमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद असेल तर ती बूटच्या यादीत येणार नाही. यूईएफआय (नवी बूट पद्धत) असेल तर साधारण १०० एमबीचं, एफएटी३२ असलेलं ईएफआय पार्टिशन क्लोनमध्ये आलंय का तपासा; नुसता सी ड्राइव्ह उचलला की नेमकं हेच राहतं. ते आलेलं असूनही बूट होत नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट+एफ१० दाबा, डिस्कपार्ट (पार्टिशन हाताळायची कमांड) उघडून त्या पार्टिशनला एस अक्षर द्या आणि ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ चालवा. तिथे विंडोजचा ड्राइव्ह डी किंवा ई असू शकतो, आधी ‘लिस्ट व्हॉल्यूम’ बघा.

निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर बूट फाइल सापडल्यात, ड्रायव्हर अडलाय. बायोस सेटअपमध्ये साटा मोड जुन्या डिस्कवेळी होता तोच ठेवा.

पहिल्या बूटला फक्त एसएसडी जोडलेली हवी. सुरू झाल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ (विंडोजच्या फाइल तपासणारी कमांड) चालवा, कारण जे सेक्टर वाचलेच नाहीत तिथल्या फाइल फाटलेल्या असतील. जुनी डिस्क नंतर जोडली की ती ‘ऑफलाइन’ दिसू शकते, दोघींची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) एकच म्हणून. ‘ऑनलाइन’ केलंत तर विंडोज त्या जुन्या डिस्कची सही बदलतं, आणि पुढे तिच्यावरून बूट होईलच असं नाही.