तबकडीवरची खरखर पुसू नकोस

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली फाइल ऐकली. जुन्या नाट्यपदाची तबकडी कॉम्प्युटरवर इतकी धुऊन काढली आहेस की गाणारा कालच स्टुडिओत येऊन गेला असावा. ऐकायला गोड आहे, मित्रमंडळींना जरूर पाठव. पण तुला इतिहासाचं काम करायचंय असं लिहितोस, म्हणून सांगतो: न धुतलेली प्रत वेगळी जपून ठेव आणि काय तो निष्कर्ष तिच्यावरून काढ. खरखर काढता काढता मागचा तानपुराही निघून जातो.

तो मुळातच फारसा उमटलेला नसतो, हे खरं. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत गायक एका मोठ्या भोंग्यासमोर गात. आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ कोरली जायची. जवळचं आणि जोरकस तेवढं उमटायचं, नाजूक ते मागे राहायचं. त्यामुळे ‘त्या काळचे गवई ओरडून गात’ असं लिहायचा मोह झाला की आधी विचार, हा जोर गळ्याचा की भोंग्याचा?

वेळेचंही तेच. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची. वन्समोअर घेत घेत रंगणारं बालगंधर्वांचं पद त्यात कसं मावणार? तबकडीवर आहे तो त्या पदाचा खास तीन मिनिटांसाठी बेतलेला अवतार. तोही मोलाचाच, पण रंगभूमीवर प्रेक्षकांनी ऐकलं ते हे नव्हे. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. त्या काळच्या त्यांच्या तबकड्यांवर शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. लोकांना तो नखरा वाटतो. कारण साधं आहे. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना लेबल कुणाच्या नावाचं लावायचं ते कळायला नको?

आता वेगाकडे ये, कारण इथे भले भले फसतात. सगळ्या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नसतात. ७४ च्या आसपास मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवलीस तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पेटीच्या पांढरी चार पट्टीत गाणारा गवई काळी तीनचा होऊन बसतो, त्याच्या ताना विजेसारख्या वाटू लागतात, आणि आपण त्याच्या तयारीवर लेख लिहून मोकळे! चित्रफितीचंही असंच. मूकपटाच्या काळात साधारण सेकंदाला १६ ते १८ चौकटी घेत, पुढे बोलपटाचं यंत्र २४ वर स्थिरावलं. जुनी फीत तशीच त्यावर चढवली की दांडीयात्रेतली माणसं पळत सुटतात. गांधीजी झपझप चालत हे खरंच, पण इतकं नाही.

गांधीजींचा विषय निघालाच आहे तर १९३१ ची लंडनमधली तबकडी ऐक. गोलमेज परिषदेसाठी गेले असताना कोलंबिया कंपनीने त्यांचा आवाज मुद्रित केला. राजकारणावर बोलायला त्यांनी नकार दिला आणि ईश्वराविषयीचा स्वतःचाच एक जुना लेख इंग्रजीत वाचून दाखवला. म्हणजे आपण ऐकतो तो वाचणारा माणूस. सभेत लोकांशी गुजरातीत किंवा हिंदीत बोलणारे गांधीजी त्यात शोधू नकोस.

दृश्यात मात्र कधीकधी यंत्राला न जुमानता काहीतरी निसटून आत येतं, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग आज पाहायला मिळतो, तो १९१३ चा की १९१७ च्या नव्या आवृत्तीचा यावर अभ्यासक वाद घालतात. घालू देत. त्यातला कारंज्यापाशी जलक्रीडेचा प्रसंग बघ. तारामती आणि तिच्या सख्या सगळे पुरुष आहेत, तारामती म्हणजे अण्णा साळुंके. ओली लुगडी अंगाला चिकटली की खांदे लपत नाहीत. स्त्रिया सिनेमात यायला तयार नव्हत्या हे वाक्य पुस्तकात दहादा वाचशील, पण ते खांदे एकदा पाहिलेस की विसरणार नाहीस. फाळक्यांना हे दाखवायचं नव्हतं. म्हणूनच त्या पुराव्यावर माझा जास्त विश्वास आहे.

आणि जे उरलंच नाही त्याची वेगळी वही कर. गायक भास्करबुवा बखल्यांचा आवाज आपल्याकडे नाही. अल्लादियाखाँसाहेबांचाही नाही, पण त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचं एक गाणं १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं! १९३१ चा आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याची एकही प्रत नाही, तर पुढच्याच वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आहे. जुन्या सिनेमाच्या नायट्रेटच्या फिती आपोआप कुजून भुकटी होतात, पेटल्या तर विझवणं जवळपास अशक्य. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशाच रिळांच्या साठ्याला आग लागली. काही फिती तर त्यातल्या चांदीसाठी विकल्या गेल्या. तेव्हा ‘त्या काळी असंच होतं’ लिहिताना लक्षात असू दे, आपण बोलतोय ते उरलेल्यांवरून.

नोंदी कशा ठेवायच्या हे शिकायचं असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांचं जात्यावरच्या ओव्यांचं काम बघ. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या, आणि ओवीपाशी गाणारीचं नाव, तिचं गाव. ही नोंद नसती तर ते नुसते गोड आवाज राहिले असते.

तुझ्या मामांकडे कॅसेटचं जे खोकं सापडलंय म्हणतोस, त्यातलं काही अजून वाजवू नकोस. बुरशी आहे का बघ. कव्हरवर पेनाने जे जे खरडलंय त्याचे फोटो काढ, रेघोट्यांसकट. मामांना प्रत्येक आवाज कुणाचा ते विचारून घे, आणि तेही लवकर, त्यांचं वय बघता. टेपचं हेड साफ कसं करायचं ते फोनवर सांगतो. रविवारी सकाळी दहानंतर कर.

तुझा,
काका