शर्यतीचा नोंदणी अर्ज भरण्यापूर्वी

बालेवाडीच्या तुमच्या पहिल्या शर्यतीसाठी संकेतस्थळावर नाव नोंदवताना जन्मतारीख, रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर अचूक द्यावा, कारण वयोगट जन्मतारखेवरून ठरतो आणि उरलेल्या दोन गोष्टी, वाटेत कोणी कोसळल्यास डॉक्टरांना उपयोगी पडाव्यात म्हणून, बऱ्याचदा छातीवरच्या नंबरच्या कागदामागे लिहिलेल्या असतात. ओळखपत्र मागितल्यास शेवटचे 4 अंकच दाखवणारे मास्क्ड आधार चालेल का, हे आधी विचारावे.

अर्जाच्या तळाशी प्रायोजकांना माहिती देण्यास संमती दर्शवणारी चौकट असते; ती आधीच खूण केलेली असल्यास काढून टाकावी. मी एकदा ती तशीच ठेवली आणि पुढे कित्येक दिवस प्रोटीन पावडर विकणाऱ्यांचे फोन घेत बसलो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला अशी गृहीत धरलेली संमती अभिप्रेत नाही; ती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते, आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते.

निकालाच्या पानावर नाव, वयोगट व वेळ साधारणपणे सर्वांना दिसते, याची मात्र तयारी ठेवावी.