हाताला कंप आहे ‘म्हणे’?

प्रश्न: माझ्या मैत्रिणीने २४ वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीला मेणवलीच्या घाटाचं जलरंगातलं चित्र दिलं. परवा तिचा फोन आला, ‘ते चित्र महिनाभर माझ्याकडे देशील का?’ दिलेली भेट कुणी परत मागतं का? तिच्या चित्रांना आता चांगला भाव येतो, म्हणून तर नसेल? हल्ली ती नवीन काही काढत नाही, हाताला कंप आहे म्हणे. मुलगा म्हणतो, आधी लिहून घे, मग दे. काय करू? – एक वाचक, सातारा

ताई, भेट, भाव, मुलगा, लिहून घेणं, सगळं वाचलं. आणि त्यात जाता जाता एक अर्धं वाक्य: ‘हाताला कंप आहे म्हणे’. म्हणे? इतक्या जुन्या मैत्रिणीच्या हाताची बातमी तुम्हाला तिसऱ्याकडून कळावी? मला तुमचा राग आला, स्पष्टच सांगते.

आता चष्मा लावा आणि त्या चित्राजवळ जा. १७३९च्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा त्या घाटावर दगडी देवळीत टांगलेली आहे. तुमच्या चित्रात देवळी असेल, तर तिच्यावरचं ऊन बघा. तिथे बहुधा पांढरा रंग सापडायचा नाही, कोरा कागद असेल. जलरंगात उजेड मागाहून चढवत नाहीत, आधीपासून राखून ठेवतात. भोवतीचा रंग ओला आहे तोवर ब्रश त्या कडेने एका दमात न्यायचा. हात जरा हलला की ऊन गेलं. असा हात होता तिचा! तो तिला पुन्हा बघायचा आहे, दुसरं काही नाही. विकायचंच असतं तर महिन्याच्या बोलीने कशाला मागितलं असतं?

येत्या रविवारी चित्र मऊ चादरीत गुंडाळा आणि मांडीवर घेऊन तुम्ही स्वतः जा. कुरिअर नको, मुलगा नको, लिहून घेणं तर मुळीच नको. सोबत खिळा आणि हातोडी न्या, ते तिला जमायचं नाही. तिच्या पलंगावरून दिसेल असं लावा, पण उन्हासमोर नको, रंग उडतात. ओल धरणारी भिंतही नको, कागदाला बुरशी येते. महिना संपला म्हणून फोन करू नका.

आणि चहा तुम्ही करा. तिचा कप अर्धाच भरा.