फेस जमत नाही, काका!

मिरजेत ४४ वर्षं सलून चालवणारे काका या अंकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.

प्रश्न : काका, मी २३ वर्षांचा. आजोबांची स्टीलची वाटी घरात होती, म्हणून डब्यातला फोम सोडला आणि नवा ब्रश, दाढीचा गोल साबण आणला. पण फेस एक तर गळ्यावरून ओघळतो, नाहीतर गालावर पापुद्रा धरतो आणि ब्लेड ओढतं. साबण दोनदा बदलून झाला. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. काय चुकतंय?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आता साबण बदलू नकोस. फेस ओघळतो तेव्हा पाणी जास्त झालेलं असतं, पापुद्रा धरतो तेव्हा कमी पडलेलं असतं. हात बसला की दोन्ही तक्रारी एकदमच जातील.

सराव मात्र दाढीच्या वेळी करायचा नाही. सकाळी घाई असते, हातात रेझर असतो, मग माणूस जो होईल त्या फेसावर भागवतो. रात्री जेवणं झाली की वाटी घेऊन बस. फेस कर, नीट बघ, धुऊन टाक. मी चौदा वर्षांचा असताना वडिलांनी मला दुकानात उभं केलं, पण सहा महिने वस्तऱ्याला हात लावू दिला नाही. गिऱ्हाईक नसलं की पालथ्या तांब्याला फेस लावत बसायचं. वडील यायचे, तांब्या आडवा धरायचे आणि फेसात बोटानं एक रेघ ओढायचे. रेघ मिटली की धू आणि पुन्हा कर. रेघ राहिली पण कडा तुटक, खरबरीत दिसल्या, तरीही पुन्हा कर. रेघ जागच्या जागी आणि कडा गुळगुळीत असा फेस मला पहिल्यांदा जमला तेव्हा दसरा आला होता. तुला इतके दिवस लागायचे नाहीत. चमच्याचा हिशेब मला फार उशिरा सुचला, तुला आजच सांगतो.

चहाच्या चमच्यानं मोजून तीन चमचे पाणी फुलपात्रात काढून ठेव. दुसऱ्या भांड्यात कोमट पाण्यात ब्रश दोन मिनिटं बुडव. नायलॉनच्या केसांचा असेल तर नुसता ओला केला तरी पुरे. तेवढ्या वेळात साबणाच्या वडीवर पाच-सहा थेंब टाकून ठेव, वडी वरून मऊ होते. ब्रश हलकेच पिळ, दोनदा झटक, थेंब गळता कामा नये. मग मनात तीस आकडे मोजेपर्यंत हलक्या हातानं वडीवर गोल फिरव. सुरुवातीला मोठमोठे बुडबुडे येतात. ते बघून थांबायचं नाही. बुडबुडे जाऊन ब्रशच्या टोकांवर जाड, चिकट लेप दिसला, म्हणजे साबण पुरता उचलला गेला. इथे कंजुषी केलीस तर पुढे कितीही घोट, फेसाला अंग येणार नाही.

आता ब्रश रिकाम्या वाटीत. बोटं फुलपात्रात बुडवून चार-पाच थेंब शिंपड आणि वीस वेढे घोट. पुन्हा थेंब, पुन्हा वीस वेढे. पाणी ओतायचं नाही, थेंबानंच द्यायचं. पहिल्या काही खेपांना फेस चक्क्यासारखा घट्ट आणि निस्तेज दिसतो. दिसायला भरघोस असतो, म्हणून बहुतेक जण तोच गालाला लावतात, आणि तोच वाळतो. तो अजून पाणी मागत असतो. थेंब देत राहिलास की एका खेपेला त्याचं रूप पालटतं. वर तकाकी येते, डोळ्यांना एकही बुडबुडा दिसत नाही, आणि वाटीला ब्रश घासल्याची खरखर बंद होते. मी आजही डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवतो.

मग थोडा फेस अंगठा आणि बोटात धरून चोळ. बोटं एकमेकांवरून घसरली पाहिजेत. चिकटली तर अजून थेंब दे. चोळताच फेस विरून नुसतं पाणी राहिलं तर जास्त झालं, मग ब्रश पुन्हा दहा-बारा वेढे वडीवर फिरवून आण. फुलपात्रात किती उरलं ते बघ. माझ्या हाताला गोल साबणासाठी दोन चमच्यांच्या आसपास लागतं. तुझा आकडा पाच-सहा रात्रींत कळेल. एका रात्री मुद्दाम फेस मोडेपर्यंत पाणी घालत जा. कुठे मोडतो ते एकदा पाहिलं की हात त्याच्या अलीकडे आपोआप थांबतो.

बोअरच्या पाण्याचं म्हणशील तर ते जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा पांढरा, कणीदार साका होतो आणि फेसाला साबणच उरत नाही. पण तुला लागतात दोन चमचे! तेवढं आणि ब्रश भिजवण्यापुरतं पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी घे. तोंड धुवायला बोअरचं चालेल. आंघोळीच्या साबणावर सराव मात्र करू नकोस. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि तो करताना सहसा पोटॅशही वापरतात, म्हणून त्याचा फेस दाट होतो आणि पाणी धरून ठेवतो. आंघोळीच्या साबणाचा फेस एक गाल होईस्तोवर बसतो.

आणि दाढी आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यानं भिजव. कोरड्या खुंटांवर कसलाही फेस उपयोगाचा नाही.

प्रश्न : सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आहे. आयुष्यभर त्यांनी साबण-ब्रशनंच दाढी केली. आता मी करते, पण फेस कानात, तोंडात जातो आणि ते चिडतात. फोम आणू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, ब्रश सोडू नका. माझ्या वडिलांची शेवटची दोन वर्षं मी त्यांची दाढी खाटेवरच केली. बोलणं गेलं होतं, पण ब्रश गालाला लागला की हनुवटी आपोआप वर यायची.

पाठीला उशा देऊन त्यांना निम्मं तरी बसतं करा. गळ्याभोवती पंचा घाला. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दाढीवर दोन मिनिटं ठेवा, पण उजव्या गालाला चटका कळेलच असं नाही, म्हणून आधी आपल्या मनगटाला लावून बघा. फेस वर सांगितला त्यापेक्षा जरा घट्ट ठेवा आणि एका वेळी एकच गाल माखा. तो झाला, पुसला, मग दुसरा. कल्ल्यांपाशी आणि ओठांभोवती ब्रश नेऊच नका, तिथे बोटानं लावा. उजवा गाल त्यांना फुगवता येणार नाही, तेव्हा डाव्या हातानं कातडी कानाकडे ताणून धरा. बोटं घसरत असतील तर ओल्या तुरटीवर घासून घ्या, पकड येते.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर ब्लेड लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. ट्रिमर वापरा म्हणाले, तर ट्रिमर फिरवून झाल्यावर नुसता फेस लावा, चार वेढे ब्रश फिरवा आणि गरम पंचानं पुसून काढा. त्यांना तो ब्रश हवा आहे.

प्रश्न : जुन्या बाजारात घोड्याच्या केसांचा, फार जुना ब्रश मिळाला. वापरू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नको, कपाटात ठेवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत माणसांना अँथ्रॅक्स हा जनावरांकडून येणारा जीवघेणा रोग झाला होता. तुमच्या ब्रशचे केस कुठून आले, कुणाच्या गालावरून फिरले, काहीच ठाऊक नाही. नवा घ्या. वापरून झाला की साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, झटका आणि उघड्या हवेत वाळवा. ओला ब्रश डबीत बंद केला की कुबट वास येतो आणि केस मुळापासून सुटायला लागतात.