उत्तर: हिट पॉइंट दुप्पट करण्यापूर्वी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात आपल्या चार खेळाडूंनी डोंगराएवढ्या राक्षसाच्या पायाशी उभे राहून तीन तास नुसते फासे टाकले, आणि पुढच्या वेळी त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसून तो मरेल तो आकडा) वाढवावेत का, असे आपण विचारले आहे. हे वाचून राहवले नाही, कारण हाच प्रश्न मी एकेकाळी एका ज्येष्ठ डंजन मास्टरांना (खेळ चालवणाऱ्या सूत्रधारांना) विचारला होता आणि त्यांचे "दुप्पट करून टाक" हे उत्तर डोळे झाकून मानले होते.

त्याचा हिशोब मांडतो. या खेळाच्या 2014 च्या नियमांत प्राचीन लाल ड्रॅगनचे सरासरी हिट पॉइंट 546 आहेत. मी ते 1092 केले. आमचे पाच खेळाडू मिळून एका राउंडला (सर्वांची एकेक पाळी होण्याच्या फेरीला) साधारण 60 डॅमेज करत, म्हणजे तेवढे हिट पॉइंट कमी करत, म्हणजे सुमारे 18 राउंड, आणि एकेक राउंड संपायला 15 मिनिटे लागत. हा गुणाकार मी आधीच करायला हवा होता. एक राउंड म्हणजे खेळातले सहा सेकंद, त्यामुळे साडेचार तासांची ती लढाई खेळातल्या जगात जेमतेम पावणेदोन मिनिटांची ठरली असती. एरवी प्रत्येक बाणाचे वर्णन करणारा धनुर्धर नवव्या राउंडला फक्त "चोवीस, लागला, अकरा" एवढेच बोलू लागला आणि शेजारच्याने रिकाम्या वेळात फाशांचा मनोरा रचला. 14 व्या राउंडला मी सूत्रधाराच्या पडद्याआड उरलेला आकडा खोडून ड्रॅगनला मारून टाकले. ते सर्वांच्या लक्षात आले, आणि पुढे कित्येक सत्रे माझ्या कोणत्याच आकड्यावर कुणाचा विश्वास बसेना. कंटाळ्यापेक्षा मला हेच अधिक महागात पडले.

लेजेंडरी अॅक्शन (बलाढ्य प्राण्याला इतरांच्या पाळीनंतर मिळणाऱ्या जादा कृती) वगैरे आपल्याला ठाऊक असेलच, त्यामुळे त्यात शिरत नाही. माझे मत, कदाचित थोडे हट्टी, असे की महाकाय प्राण्याला नकाशाचाच भाग समजावे. त्याने पुढचा पाय उचलला की सावली कोणत्या 16 चौकोनांवर पडली ते त्याचा टर्न (पाळी) संपतानाच सांगावे, आणि पाय त्याच्या पुढच्या टर्नला खाली आणावा. मधल्या वेळात कुणी पळेल, कुणी जखमी साथीदाराला ओढून बाहेर काढेल, तर एखादा मुद्दाम तिथेच थांबून टाचेवर वार करील. त्या पायाला स्वतंत्र 60 हिट पॉइंट द्यावेत. ते संपले की चिरडण्याचा हल्ला कायमचा बंद व्हावा. अंगावर चढण्याचा पर्यायी नियमही त्याच 2014 च्या संचात आहे. चढलेल्याला त्या प्राण्यावरील हल्ल्यांत अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) मिळतो, तरीही बहुतेक गटांत तो वापरला जात नाही, याचे मला नवल वाटते. हे सारे केल्यावर एकूण हिट पॉइंट कमीच ठेवावेत.

अर्थात हा अनुभव चार-पाच जणांच्या गटाचा आहे. आठ खेळाडू असतील तर दर वेळी सावली मोजण्यातच वेळ जाईल. एक किरकोळ सूचना: डॅमेज वजा करत बसण्याऐवजी शून्यापासून वर मोजावे, चुका कमी होतात. आणि लढाई रंगात असताना आकडा बदलण्याचा मोह झालाच, तर आकड्याला हात न लावता ड्रॅगनला जखमी होऊन उडून जाऊ द्यावे. माझ्या त्या रात्री तो उडून गेला असता, तर खेळाडूंनी पुढचे सत्र त्याचा माग काढण्यात घालवले असते.