कपाटातून काढलेले कपडे कुणाला द्यायचे?

आधी सगळं धुऊन कडक उन्हात वाळवा. दमट कपडा पिशवीत बांधला की आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते जात नाहीत. खिसे तपासा, तुटलेलं बटण लावा, परकराला नाडी ओवा. नाडीशिवायचा परकर घेणाऱ्याच्या घरीही पडूनच राहतो.

सुती साड्या मात्र पिशवीत कोंबू नका, त्या गोधडीसाठी ठेवा. साधारण चार-पाच साड्या लागतात: दोन धडक्या बाहेरून, विरलेल्या आत. सिंथेटिक साडी मध्ये घालू नका; ती सरकते, धावदोरा धरत नाही आणि घामही टिपत नाही. काठ जाड असेल तर आधी उसवून काढा, सुई अडते.

बोहारणीला पँट, शर्ट, चांगल्या साड्या दाखवा. ती कॉलर, चेन आणि काखेतले डाग आधी बघते, म्हणून ते तुम्हीच बघून ठेवा. जरीची जुनी साडी भांड्यावर देण्याआधी जरीची तार खरवडून पाहा. आत लाल रेशीम दिसलं तर चांदीची असू शकते, सराफाला दाखवा.

शाळेचे गणवेश मे महिन्यातच द्या, जूनमध्ये खरेदी झालेली असते.

‘गूंज’सारखी संस्था सुती कापडापासून सॅनिटरी पॅडही करते, त्यामुळे सुती चादरीही तिथे चालतात. आतले कपडे कुणालाच देऊ नका. बनियनचं फडकं उत्तम होतं.